डोक्याला मार लागला तर: घरी थांबावं की तडक दवाखाना गाठावा?

रंगपंचमीच्या दुपारी आमच्या कॅज्युअल्टीत आलेल्या पेशंटचा चेहरासुद्धा ओळखू यायचा नाही. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे हौद, उघडतात, पोरं एकामागून एक धप्पा मारतात आणि पाण्याखाली कुणाचं डोकं कुणाच्या गुडघ्यावर आपटलं हे कुणालाच कळत नाही. केसांत रंग, कानांत रंग, नाकात रंग. जखम कुठली नि रंग कुठला हे कळायला आधी ओल्या कापसानं डोकं पुसून काढावं लागायचं. एका वर्षी असाच अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा आला. मित्र हसत होते, तोही हसत होता. सोबतचे काका मला म्हणाले, "सिस्टर, काही नाही. टेंगूळ आलंय ना वर, म्हणजे मार बाहेर पडला." मुलगा मात्र दर दोन मिनिटांनी एकच विचारत होता, "आपण गाडी कुठं लावली रे?" मित्र दर वेळी उत्तर देत होते आणि दर वेळी नव्यानं हसत होते.

त्या प्रश्नावरच मी त्याला बाकावरून उठवून खाटेवर घेतलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला, तरी डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. तो प्रश्न कधी थांबतो, याकडे आमचं लक्ष होतं. पहाटे थांबला.

टेंगूळ म्हणजे कातडी आणि कवटी यांच्या मधे साठलेलं रक्त. कवटीच्या आत काय चाललंय याचा त्यावरून काहीच पत्ता लागत नाही. मोठं टेंगूळ येऊन आत सगळं ठीक असतं, आणि केसभर ओरखडा नसताना आत रक्तस्राव चालू असतो. म्हणून कॅज्युअल्टीतल्या इतक्या वर्षांत मी एकच सवय लावून घेतली: किती लागलं ते एकदा बघायचं, आणि माणूस मघाशी होता तसाच आहे का, हे पुन्हा पुन्हा बघायचं. वेळेसकट. घरी तुम्हालाही हेच करायचंय, फक्त आधी काही गोष्टी माहीत हव्यात.

पहिली दहा मिनिटं

नाशकातला द्वारका चौक असो की मुंबई नाका, गाडी पडली की क्षणात गर्दी जमते आणि गर्दीतले निम्मे लोक पाण्याची बाटली पुढे करतात. पाणी पाजू नका. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात गेलेलं पाणी श्वासनळीत उतरू शकतं, आणि ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं.

आधी श्वास बघा. छाती हलत नसेल तर एकानं १०८ लावायचा आणि दुसऱ्यानं लगेच छाती दाबायला घ्यायची. श्वास चालू असेल तर पुढची काळजी मानेची. डोकं आपटलं की मानेलाही झटका बसलेला असतो, म्हणून "ऊठ, बस, चालून बघ" हा आग्रह नको. आडवा आहे तिथंच राहू दे. एकानं दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं आणि तिथून हलायचं नाही. उलटी होऊ लागली तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून तिघा-चौघांनी मिळून सगळं अंग एकदम कुशीवर वळवायचं. नुसती मान फिरवायची नाही.

हेल्मेट ओढून काढू नका. काच वर करा, पट्टा सैल करा. श्वासच अडकत असेल तरच काढायचं, आणि तेही दोघांनी: एकानं खालून मान-हनुवटी धरायची, दुसऱ्यानं हेल्मेट सावकाश वर सरकवायचं.

डोक्याची कातडी रक्तानं भरलेली असते, त्यामुळे छोटी जखमही शर्ट भिजवते. घाबरू नका, स्वच्छ रुमाल दाबून धरा. रुमाल भिजला तर वर दुसरा ठेवा, पहिला उचलू नका. मात्र बोटाखाली हाड दबलेलं किंवा हलतंय असं वाटलं तर त्या जागी जोर न देता कडेनं दाबा. हळद, कॉफी पावडर, चुना यातलं काहीही नको. नंतर टाके घालायच्या आधी ते सगळं आम्हालाच खरवडून काढावं लागतं. कानातून किंवा नाकातून काही वाहत असेल तर बोळा कोंबू नका, वाहू द्या. फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. आजूबाजूचं सामान बाजूला करा, झटके थांबले की कुशीवर घ्या आणि किती मिनिटं चाललं ते घड्याळात बघा.

१०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे, आणि ११२ लाही फोन करता येतो. पेठ-सुरगाण्याच्या वाडीवर किंवा हरिहर गडाच्या कातळपायऱ्यांखाली गाडी यायला वेळ लागणार, हे खरंय. तिथं जीप हाच पर्याय असेल तर मागचं बाकडं मोकळं करून पेशंटला सपाट झोपवा आणि एक माणूस सगळा रस्ता फक्त डोकं धरायला बसवा. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून आणू नका. असे आणलेले बरेच पाहिलेत मी.

यातलं एकही दिसलं तर विचार करत बसू नका

- शुद्ध हरपली, मग ती अर्ध्या मिनिटासाठी का असेना. "डोळ्यांपुढे अंधारी आली" असं पेशंट म्हणतो, तेव्हा बघणाऱ्याला विचारा.
- दोन किंवा जास्त उलट्या.
- फिट.
- डोकेदुखी वाढत चाललीय, गोळीनं हटत नाही.
- गुंगी वाढतेय, हाक मारून जागा करावा लागतोय, किंवा जागा होऊन लगेच पुन्हा मिटतोय.
- असंबद्ध बोलणं, तेच तेच विचारणं, माणसं न ओळखणं, किंवा आपटण्याआधीचा अर्धा तास आठवणीतून पुसला जाणं.
- जीभ जड होणं, एका हाता-पायातला जोर जाणं, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं.
- नाकातून-कानातून पाण्यासारखा द्रव, कानातून रक्त.
- कानामागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती, तिथं थेट मार नसताना, उमटलेलं काळं-निळं.

शेवटच्या दोन गोष्टी कवटीच्या तळाशी चीर गेल्याच्या खुणा आहेत. सर्दी झालेली नसताना, पुढे वाकल्यावर एकाच नाकपुडीतून नितळ पाणी ठिबकत असेल तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. ते शिंकरू नका. कानामागचा डाग बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी उमटतो, म्हणून सकाळी उजेडात कान दुमडून एकदा बघा.

बाहुल्यांबद्दल थोडं. एक बाहुली मोठी नि एक लहान दिसणं ही धोक्याची खूण खरीच, पण ती उशिराची खूण आहे, तिची वाट बघत बसू नये. शिवाय काहींच्या बाहुल्या मुळातच थोड्या कमी-जास्त असतात, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर मोबाइलचा टॉर्च मारून घरी फारसं काही कळत नाही. तुमच्या माणसाचा जुना फोटो मोठा करून बघा, तो टॉर्चपेक्षा जास्त सांगेल.

"बरा होता हो आत्ताच"

हे वाक्य कॅज्युअल्टीच्या दारात नातेवाईक म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात. कानशिलाजवळचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या अंगाला चिकटून एक धमनी जाते. तिथं फटका बसून हाड तडकलं की धमनी फाटते. पेशंट क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठतो, बोलतो, चहा मागतो. आत मात्र धमनीच्या जोरानं रक्त साठत असतं, आणि कवटी काही फुगत नाही, त्यामुळे दाब मेंदूवर येतो. काही मिनिटांनी किंवा काही तासांनी डोकं प्रचंड दुखायला लागतं, उलट्या होतात, गुंगी येते. या मधल्या "बऱ्या" वेळात पोहोचलेला पेशंट ऑपरेशननंतर बहुधा चालत घरी जातो. म्हणून शुद्ध जाऊन आलेल्या माणसाला "आता ठीक आहे ना" म्हणून घरी नेऊ नका. दवाखान्यात न्या.

काही दिसत नसलं तरी यांना दाखवाच

पासष्टी ओलांडलेले. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे, म्हणजे वॉरफेरिन, अ‍ॅसिट्रोम, एपिक्सॅबॅन, रिव्हारोक्सॅबॅन, क्लोपिडोग्रेल. ज्यांना रक्त न गोठण्याचा आजार आहे किंवा ज्यांच्या मेंदूचं ऑपरेशन झालंय ते. तीन फुटांपेक्षा उंचावरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडलेले, गाडीतून बाहेर फेकले गेलेले, गाडीनं उडवलेले पादचारी. संक्रांतीत पतंगाच्या नादात गच्चीवरून पडणारे या यादीत येतात, आणि येवल्यात तीन दिवस पतंगोत्सव असतो तेव्हा असे पेशंट जास्त. रामकुंडाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाठीमागे पडलेली म्हातारी माणसंही यातलीच. "नुसत्या दोनच पायऱ्या होत्या" म्हणून त्यांना सोडू नका.

आणि प्यायलेला माणूस. याच्यावर सगळ्यात मोठा अन्याय होतो. बरळतो, तोल जातो, झोपतो, उलटी करतो, तर सगळे म्हणतात चढलीय. दारूची आणि मेंदूतल्या रक्तस्रावाची लक्षणं एकमेकांत इतकी मिसळतात, की नुसतं बघून डॉक्टरलासुद्धा वेगळं करता येत नाही. प्यायलेला माणूस डोक्यावर पडला असेल तर "सकाळी उतरेल" हा हिशेब धरू नका.

माणूस पडला कशामुळे, हा प्रश्न वेगळा विचारा. पाय घसरला, की आधी चक्कर आली? साखर उतरली, फिट आली, छातीत धडधडलं? मधुमेहाचा पेशंट असेल तर ग्लुकोमीटर काढा. डॉक्टरांना हे आधी सांगा, टेंगळाचं नंतर.

लहान मुलं

मूल पडून लगेच मोठ्यानं रडलं, मांडीवर घेतल्यावर दहा मिनिटांत शांत झालं, नेहमीसारखं दूध प्यायलं, खेळायला लागलं, तर बहुतेक वेळा काळजी नसते. रडून रडून एक उलटी होणंही नेहमीचं. पण दोन वर्षांखालचं मूल तीन फुटांवरून (म्हणजे ओट्यावरून, पलंगावर ठेवलेल्या पाळण्यातून, कुणाच्या तरी कडेवरून) किंवा त्याहून मोठं मूल पाच फुटांवरून पडलं, तर दाखवून या. एक वर्षाखालच्या बाळाला तर कुठूनही डोक्यावर पडलं तरी दाखवा, त्याला सांगता येत नाही.

तान्ह्या बाळात बघायचं ते असं: रडणं आवरतच नाही किंवा रडणं क्षीण झालंय, पाजताना तोंड फिरवतंय, शांत असतानाही टाळू फुगलेली लागतेय. टेंगूळ कपाळावर असेल तर जरा कमी काळजी. कानाच्या वर किंवा मागच्या बाजूला मऊ, लिबलिबीत सूज लागत असेल तर तिथं हाड तडकलेलं असू शकतं. आणि आई म्हणत असेल, "हा असा नसतो हो एरवी," तर ते वाक्य म्हणजेच लक्षण. तेवढ्यावर मी पोरं आत घेतलीत.

घरी थांबायचं ठरलं तर

वरच्यापैकी काहीच नसेल, किंवा डॉक्टरांनी तपासून सोडलं असेल, तर पहिले चोवीस तास एक जाणतं माणूस सोबत हवं. पहिले सहा तास जास्त महत्त्वाचे. सिडकोतल्या एका बाईनं मला तिच्या मुलाची वही आणून दाखवली होती. शाळेचीच वही, मागचं पान:

९.१० पडला. जिन्यावरून, तिसरी पायरी. मागे लागलं. लगेच रडला.
९.४० एक उलटी. जेवण पडलं.
१०.३० झोपला. हाक मारली, 'काय गं' म्हणाला.
१२.३० उठवलं. चिडला. पाणी मागितलं, स्वतः ग्लास धरला.

डॉक्टरांना लागतं ते सगळं या चार ओळींत होतं. त्यातही 'चिडला' आणि 'स्वतः ग्लास धरला' मला फार आवडले. मध्यरात्री उठवल्यावर चिडणारं, हातानं ग्लास धरणारं पोर शुद्धीवर असतं.

डोक्याला लागल्यावर झोपू द्यायचंच नाही, हा समज अजून घरोघरी आहे. झोपू द्या, झोप हवीच. नेहमीच्या झोपेच्या वेळी झोपला तर बिघडत नाही, भरदुपारी, एरवी जागा असताना पेंगायला लागला तर बिघडतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर दर दोन तासांनी उठवा, आणि नुसतं "हूं" ऐकून परत फिरू नका. एक पूर्ण वाक्य बोलवून घ्या. "आज वार कुठला" यापेक्षा "रात्री काय जेवलास" विचारा. वार तर मलाही कधीकधी आठवत नाही.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, रक्तस्राव वाढू शकतो. पण हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनानं बंदही करू नका, विचारा. झोपेची गोळी आणि दारू नाहीच. उलटीची गोळी घरच्या घरी देऊ नका, उलटी थांबली की आपल्याला कळणारी खूणही गेली. टेंगळाला फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा. वाटीनं दाबणं, तेल चोळणं नको.

दवाखान्यात गेल्यावर

निघण्याआधी एक फोन करा: "सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का? न्यूरोसर्जन येऊ शकतात का?" रात्री अकराला एका ठिकाणी जाऊन, तिथून दुसरीकडे पाठवणी होण्यात जो तास जातो तो फार महाग पडतो. त्र्यंबक रोडचं सिव्हिल, नाशिकरोडचं बिटको, आडगावचं मेडिकल कॉलेज ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात, पण घराजवळचं रात्री चालू असलेलं सीटी कुठं आहे, ते आजच माहीत करून घ्या. गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, नावं आठवत बसू नका.

आत डॉक्टर "जीसीएस फिफ्टीन" असं काही बोलतील. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना गुण द्यायची ही पद्धत १९७४ साली ग्लासगोत सुरू झाली. कमीत कमी तीन, जास्तीत जास्त पंधरा. पंधरा म्हणजे पूर्ण गुण. पंधराचे चौदा झाले तर आमची धावपळ का होते, हे आता तुमच्या लक्षात येईल.

साधा एक्स-रे फार तर हाड दाखवतो, आतलं रक्त दाखवत नाही. पहिल्या तासांत कामाचं ते सीटी. तरी प्रत्येकाला सीटी लागतोच असं नाही. मुलांमध्ये किरणांचा विचार करून डॉक्टर चार-सहा तास नजरेखाली ठेवूया म्हणाले, तर "पैसे भरतो पण स्कॅन कराच" म्हणून भांडू नका.

रस्त्यावरच्या अनोळखी जखमीला आणायला लोक कचरतात, पोलिसांची कटकट नको म्हणून. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, आणि स्वतःचं नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे. काउंटरवर या कॅशलेस योजनेबद्दल विचारा, आणि जनआरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या त्या योजनेच्या मदतनिसाला गाठा.

नंतरचे दिवस

सीटी नॉर्मल म्हणजे मेंदूला काहीच झालं नाही असं नव्हे. मेंदू हादरला की डोकं जड राहतं, उजेड-आवाज सोसत नाही, वाचताना ओळ सुटते, चिडचिड होते. मोठ्यांमध्ये हे बहुधा दोन आठवड्यांत, मुलांमध्ये महिन्याभरात निवळतं. पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी. मग हळूहळू नेहमीची कामं. मुलाला आधी शाळा, मग मैदान. लक्षणं शिल्लक असताना पुन्हा डोक्याला फटका बसणं फार वाईट, म्हणून कबड्डीच्या मॅचसाठी "एवढी खेळून घेतो" म्हणणाऱ्याला कोच नाही म्हणाला तर त्याच्यावर चिडू नका. लक्ष लागत नाही तोवर दुचाकी चालवू नये.

आता माझी चूक सांगते. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय चौऱ्याहत्तर, अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करायची गोळी चालू. स्वयंपाकघरातल्या माळ्याचा कोपरा डोक्याला लागला. रक्त नाही, टेंगूळ नाही. "एवढ्याशा ठोकरीला काय जायचं," असं मीच म्हणाले. सहा आठवड्यांनी त्यांच्या डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटून मागे राहायला लागली. त्यांना ते कळायचंच नाही, पुढे जाऊन वळून बघायचे. शर्टाची बटणं एक घर चुकून लागायची. आम्ही म्हणालो, वय झालं. मी, कॅज्युअल्टीत आयुष्य काढलेली, हेच म्हणाले. दुपारची झोप लांबायला लागली तेव्हा मला तो माळा आठवला.

उतारवयात मेंदू थोडा आकसतो आणि मेंदू ते कवटी अशा जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. किरकोळ धक्क्यानं त्यातली एखादी तुटते, रक्त थेंबथेंब साठतं आणि त्रास दिसायला तीन आठवडे, कधी दोन-तीन महिने जातात. कवटीला लहान छिद्रं पाडून ते काढतात. अण्णांचं निघालेलं रक्त सर्जननं मला दाखवलं, जुन्या इंजिन ऑइलसारखं काळपट. आठवड्यानं ते घरी आले, आणि चप्पल पायात राहिली.

तेव्हापासून आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या खाड्यांशेजारी आणखी एक नोंद असते. घरात कुणाच्याही डोक्याला काही लागलं की त्या तारखेला लिहायचं: कोण, कुठं, कशावर. आणि पुढच्या तीन महिन्यांच्या पानांवर, एकेक तारीख सोडून, नुसतं 'डोकं?' एवढंच.